नऊ नंबरची ओळ

विमल सिस्टरला नागू भगतानं करणी केली, अशी कुजबुज गेल्या वर्षी कशेळ्याच्या बाजारात उठली. सुक्या बोंबलांच्या रांगेपासून जीपच्या थांब्यापर्यंत जायला तिला तासभरसुद्धा लागला नसेल. निवृत्तीला आठ महिने उरले असताना बाई सुट्टी टाकून घरी बसली ती त्यामुळेच म्हणे. आणि दर बाजाराच्या दिवशी पदराआड पिशवी धरून ती नागूच्या वाडीवर चढते तीही त्यामुळेच. पिशवीत उतारा असतो. नारळ, लिंबं आणि एक काळी बाहुली. बाहुली पाहिलेला माणूस मला भेटला नाही, पण तिचे डोळे कुठल्या रंगाचे ते छातीठोक सांगणारे तिघं भेटले.

मीही ती बातमी चार घरी पोचवली. खोटं कशाला बोलू? बातमी खमंग होती आणि विमल म्हसकर ही बाई तशी नेहमी दुसऱ्यांच्या बातम्या सांगणारी. तिच्या वाट्याला एखादी आली तर आम्हाला बरंच वाटलं.

विमल म्हणजे आरोग्य सेविका. कशेळ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक उपकेंद्र आहे, त्याचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. तिथे एकतीस वर्षं नोकरी. भातशेतीवाल्या घरातली, हाडापेरानं मजबूत, स्कूटीवर बसली की स्कूटीची दया यावी. तिच्या सुईपेक्षा जीभ जास्त टोचते असं वाड्यावाड्यांत म्हणत. पण बाळंतीण अडली की रात्री-अपरात्री त्याच जिभेच्या शिव्या ऐकायला माणसं धावत येत. लग्नात जेवायला बसली की पंगतीतल्या निम्म्या पोरांकडे बोट दाखवून सांगायची, हा माझ्या हातावर झाला, हा पायाळू, आणि तो बघ, तो नऊ महिने झाले तरी यायलाच तयार नव्हता, आता कामालाही तसाच.

आता एक आतली गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. उपकेंद्रातल्या केसपेपरवर एक रकाना असतो, रोग्याला उपचार मिळायला उशीर का झाला त्याचा. त्यात ‘गाडीत डिझेल नव्हतं’ लिहिलं की वरून विचारणा येते. ‘इंजेक्शन संपलं होतं’ लिहिलं की दोनदा येते. पण ‘भगताकडे गेल्यामुळे उशीर’ असं लिहिलं की कधीच काही येत नाही. भगत काही केसपेपर वाचत नाही, तक्रार करत नाही आणि त्याची संघटनाही नाही. त्यामुळे आमटीत मीठ टाकावं तसं हे वाक्य त्या रकान्यात पडत आलेलं. त्यात कुणाचा द्वेष नव्हता. ते कुणाला लागणार नाही, एवढंच सगळ्यांनी धरून चालायचं.

सात वर्षांपूर्वी, भातकापणीच्या दिवसांत, सकाळी सहाच्या सुमाराला वाडीवरचा नागू आपल्या मुलाला, सखाला, खांद्याचा आधार देत उपकेंद्राच्या पायरीवर घेऊन आला. सखा सव्वीस वर्षांचा, वाघासारखा गडी. पोटात कळा येत होत्या आणि पापण्या जड झाल्या होत्या. त्याची बायको मंगळी तेव्हा माहेरी, पाच दिवसांची बाळंतीण. नागू भगत खरा. कावीळ उतरवायचा, मुलांची नजर काढायचा, बाजारात शेवळांची रानभाजी आणि मध विकायचा. पण त्या सकाळी त्यानं मंत्राचा म सुद्धा उच्चारला नव्हता.

“बाय, रातच्याला भुईवर निजला हुता. मन्यार असंल. कर्जतला धाडा,” एवढंच तो म्हणाला.

विमलनं सखाचे हात, पाय, कान, मान सगळं तपासलं. कुठे दात लागल्याची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा असाच असतो, हे तिला नंतर कळलं. त्या सकाळी तिनं नागूलाच झापलं, तुला सगळीकडे सापच दिसतो, रात्री काय खाल्लं ते सांग. पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, अॅसिडिटीची गोळी दिली आणि सखाला बाकावर आडवं केलं. मग ती लसीकरणाची यादी करत बसली. दोन तास चाळीस मिनिटांनी सखाला पापण्या उचलेनात आणि थुंकी गिळवेना. तेव्हा तिच्या हातून यादी पडली. गाडी आली, निघाली, आणि कर्जत यायच्या आधीच सखाचा श्वास थांबला.

त्या दुपारी विमल केसपेपर पुरा करायला बसली. तिनं तो रकाना भरला. वर्षानुवर्षांच्या सवयीनं भरला.

इथवर झालं ते कुठल्याही उपकेंद्रात होऊन विसरलं गेलं असतं. पण कर्जतला डॉक्टर अजेय कर्णिक आहेत. जुन्या घराण्यातले, आजोबा हेडमास्तर, वडील वकील, आणि स्वतः डॉक्टर असून फावल्या वेळात ज्ञान वाढवण्याचं व्यसन. दुसरे डॉक्टर रिसॉर्ट बांधतात, हे मण्यारीवर टिपणं काढत बसतात. नऊ वर्षांत आसपासच्या वाड्यांतून मण्यारीचे जेवढे रोगी आले, त्यांचा अभ्यास करून मोठ्या वैद्यकीय मासिकात लेख लिहायचं त्यांच्या मनात होतं. केसपेपर गोळा करायला विमलसारखी बाई दुसरी कोण? तिनं एकेका उपकेंद्रातून चौदा रोग्यांचे कागद आणले. सखाचाही दिला. तोच एक मागे कसा ठेवायचा? ठेवला असता तर का ठेवला हे सांगावं लागलं असतं.

लेख इंग्रजीत छापून आला. पहिलं नाव अजेय कर्णिक, दुसरं विमल म्हसकर. डॉक्टरांनी दिलदारपणानं दिलेलं. कशेळ्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर विमल नमस्कार करताना, आणि लेखापेक्षा मोठ्या अक्षरात शुभेच्छुकांची नावं. लेखात काय आहे ते त्या शुभेच्छुकांतल्या एकालाही माहीत नव्हतं. खुद्द विमललाही इंग्रजीतला तक्ता कुठे वाचता येत होता? तिनं आपलं नाव तेवढं बोटानं शोधून पाहिलं.

दीड वर्ष लेखाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टर रोज मोबाईल उघडून बघायचे. एकदा विमलनं विचारलं, एवढं काय बघता? तेव्हा त्यांनी समजावलं. लेखाच्या पानावर एक रंगीत चक्र असतं, बांगडीसारखं, आणि त्याच्या मध्ये आकडा. इंटरनेटवर लोकांनी लेखाबद्दल जितकी बडबड केली तितका तो वाढतो. आणि शेजारी दुसरा आकडा असतो सायटेशनचा, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकानं आपल्या लेखात या लेखाचं नाव देऊन आधार घेतला तर तो एकानं वाढतो.

“म्हणजे चक्रातला आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लग्नपत्रिका,” विमल म्हणाली, “आणि दुसरा आकडा अक्षता घेऊन दारात येणारा.”

डॉक्टरांना हे इतकं आवडलं की पुढे पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

चक्रात तेव्हा तीन होते आणि शेजारी शून्य. मग एका पावसाळ्यात कुणा मोठ्या माणसानं, ज्याच्या मागे लाखभर लोक असतात तसल्यानं, लेखातल्या तक्त्याचा फोटो टाकला. चौदांतली एकच ओळ लाल रेघेनं घेरलेली. नऊ नंबरची. ‘पुरुष, वय सव्वीस. वडील स्वतः भगत. मंत्रोपचारामुळे दोन तास चाळीस मिनिटं उशीर. मृत्यू.’ वर लिहिलं होतं, बापानंच मुलाला मारलं, हा आपला देश.

चक्र फिरायला लागलं. तिनाचे साठ झाले, साठाचे सहाशे. चौदा माणसांच्या दुखण्यातून डॉक्टरांनी काढलेली खरी गोष्ट ही होती की पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या जड आहेत, तर खूण नसली तरी मण्यार समजा. तिच्याबद्दल एका शब्दानंही कुणी बोललं नाही. सगळे बोलले बापाबद्दल. आणि मग अक्षताही यायला लागल्या. एक सायटेशन, पाच, अकरा. कुठून कुठून, परदेशातूनसुद्धा. डॉक्टरांनी पेढे वाटले. अकराच्या अकरा लेखांनी आधाराला घेतली होती ती नऊ नंबरचीच ओळ. डोंगरातले लोक भगताकडे जातात आणि मरतात, असं ज्याला लिहायचं होतं त्याला पुरावा सापडला होता.

लेखात नागूचं नाव नव्हतं. पण तालुका होता, महिना होता आणि भगत बाप होता. मोबाईलवाली पोरं वाडी शोधत आली. मंत्र म्हणून दाखव, म्हणाली. एकानं त्याच्या तोंडापुढे माईक धरून विचारलं, पोरगा मेला तेव्हा कुठला देव आला होता? नागू नुसता बघत राहिला, आणि ते नुसतं बघणं चार लाख लोकांनी पाहिलं. बाजारात जीपवाले ओरडायचे, भगता, जरा मंत्र मार रं, गाडी सुरू होत नाय. लोक हसायचे. हसणाऱ्यांत मी होतो. मी त्याच्याकडून दरवर्षी शेवळं घेत असे, त्या वर्षी दुसऱ्याकडून घेतली.

विमलला हे सगळं कळलं ते तिच्या मुलीमुळे. हर्षला फार्मसीला आहे. एका संध्याकाळी तिनं आईला लेखातली ती ओळ मराठी करून वाचून दाखवली. विमल भाकऱ्या थापत होती. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं, मग गॅस बंद केला. हर्षलानं मला नंतर सांगितलं, आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून पडवीत जाऊन बसली आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कर्जतला डॉक्टरांकडे गेली. लेखातली नऊ नंबरची ओळ चुकीची आहे, बदला, म्हणाली. डॉक्टरांना वाटलं बाई भगताच्या धाकानं बोलते आहे. त्यांनी फाईल काढली, केसपेपर समोर ठेवला आणि म्हणाले, मी माझ्या मनाचं काही लिहिलेलं नाही, हे इथे आहे.

“हे अक्षर माझं आहे,” विमल म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. बाक, इंजेक्शन, लसीकरणाची यादी. डॉक्टरांनी फाईल मिटली. ते वाईट गृहस्थ नाहीत, पण अकरा सायटेशन ही त्यांची आयुष्यभराची कमाई होती आणि लवकरच व्हायच्या दुसऱ्या एका परिषदेतल्या भाषणात तीच ओळ पडद्यावर जायची होती. त्यांनी तिलाच तिची काळजी सांगितली. चौकशी लागेल, निवृत्ती तोंडावर आली आहे, सखा काही परत येणार नाही. ती म्हणाली, सखासाठी नाही, नागूसाठी. डॉक्टरांनी तीन आठवडे काढले. विमल दर दोन दिवसांनी दवाखान्यात जाऊन रोग्यांच्या बाकावर बसायची, नंबर न लावता. शेवटी त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं आणि त्या परिषदेलाही गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. विमलनं आपल्या वरिष्ठांना वेगळं लिहून दिलं. चौकशी लागली, तिची वेतनवाढ थांबली. तिनं उरलेली रजा टाकली आणि घरी बसली.

मासिकवाल्यांनी सात महिने घेतले. मग दुरुस्तीची सूचना छापली, तीन ओळींची. नवव्या रोग्याच्या बाबतीत उशीर आरोग्य केंद्रात झाला, वडिलांनी त्याला थेट केंद्रातच आणलं होतं. या सूचनेचं पान वेगळं, चक्रही वेगळं. त्यात आकडा आला दोन. एकदा डॉक्टरांनी ती इंटरनेटवर टाकली होती, एकदा हर्षलानं.

ती सूचना कागदावर छापून घेऊन विमल वाडीवर गेली. नागू अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता, येसूबाई, त्याची बायको, चुलीशी. विमल उभ्यानंच बोलली. बसायचा तिला धीर झाला नाही.

“नागूदादा, उशीर भगतामुळं झाला, असं कागदावर मी लिहिलं होतं.”

नागूनं कोयता बाजूला ठेवला.

“तुमी? मना वाटलं डागतरानी लिवलं.”

“मी. माझ्या हातानं. आता ते दुरुस्त केलंय, हा बघा कागद.”

नागूनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून परत दिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं विमल मला म्हणाली. तो फक्त म्हणाला, “मंगळीला दाखवा. ती पोराला घेऊन गेली.”

विमलला हे ठाऊक नव्हतं. सखा गेल्यावर मंगळी पाच वर्षं सासू-सासऱ्यांजवळच राहिली होती, मुलगा आजोबाच्या खांद्यावर वाढला होता. मग कुणीतरी तिला मोबाईलवर ती चित्रफीत दाखवली. त्या सकाळी ती माहेरी होती. घरात काय झालं ते तिनं पाहिलं नव्हतं, सासऱ्यानं सांगितलं तेच खरं मानलं होतं. आता तिला वाटलं, म्हाताऱ्यानं आपल्याला फसवलं. तिनं मुलाला उचललं आणि माथेरानला एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला लागली.

विमल माथेरानला गेली. गाड्या थांबतात त्या दस्तुरीपासून लाल मातीतून चालत, गुडघे धरत, घोड्यांना वाट देत. मंगळी हॉटेलच्या मागे दोरीवर चादरी टाकत होती. विमलनं तिलाही तेच सांगितलं, एक शब्द न वगळता. मग कागद पुढे केला, त्याचा अर्थ सांगितला. मंगळीनं ओले हात पुसून कागद धरला.

“ह्ये किती लोकांनी बघितलं?”

“दोघांनी.”

मंगळीनं कमरेचा मोबाईल काढला. त्यात नागू माईकपुढे नुसता बघत होता. खालच्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं.

“आन ह्ये चार लाखांनी. चार लाख मानसं खोटी व्हय, सिस्टर?”

विमल म्हणाली, चार लाखांतला एकही त्या सकाळी तिथे नव्हता. मी होते. चूक माझी आहे, मला बोल, पण म्हाताऱ्याला नातू दाखव.

मंगळीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “म्हाताऱ्यानं तुमाला कायतरी केलंय. नायतर नोकरीवालं मानूस असं सोताच्या अंगावर घेतंय का?”

आणि ती पुढची चादर झटकायला लागली.

कुजबुज तिथून निघाली. चादरी धुणाऱ्या बायांकडून घोडेवाल्यांकडे, घोडेवाल्यांकडून खाली नेरळला, तिथून जीपनं कशेळ्याला. बाहुली आणि लिंबं वाटेत कुणीतरी घातली. मी घातली नाहीत एवढं शपथेवर सांगतो, पण मी ती काढलीही नाहीत.

विमल आणखी दोनदा माथेरानला गेली. दुसऱ्या खेपेला मंगळी समोर आली नाही. डॉक्टरांनी अकराही लेखकांना पत्रं लिहिली. दोघांनी आभार मानले, नऊ जणांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर लेखाला आणखी सव्वीस सायटेशन आली आणि त्यातल्या एकानंही दुरुस्तीचा उल्लेख केलेला नाही. डॉक्टर आता मोबाईल उघडून बघत नाहीत. विमल बघते. हर्षलानं तिला शिकवलं आहे. मी एकदा चिडवलं, काय सिस्टर, लाईक मोजताय? ती म्हणाली, दुरुस्तीच्या पानावर आहे का कुणी तिसरा ते बघतेय. मग मी चिडवणं सोडलं.

नागू मार्गशीर्षात गेला. महिनाभर खोकला होता. कर्जतला न्यायला विमल दोनदा गाडी घेऊन गेली, तो नको म्हणाला. शेवटच्या दिवशी त्यानं नातू आला का, असं विचारलं. निरोप माथेरानला पोचला होता, हे नक्की. दहाव्याला मंगळी आली, बायकांच्या मागे उभी राहिली आणि पिंडाला कावळा शिवायच्या आधी निघून गेली. मुलाला तिनं आणलं नव्हतं. येसूबाईनं सुनेच्या पाठीमागे वाटेकडे बराच वेळ पाहिलं, आणि विमलनं येसूबाईकडे.

आता त्या कुजबुजीतलं खरं काय ते लिहून ठेवतो. नागूनं विमलला कसलीही करणी केली नव्हती. सखाचा उशीर तिच्या बाकावर झाला होता आणि भगताचं नाव तिनं लिहिलं होतं, म्हणून तिनं लिहून दिलं आणि घरी बसली. दर बाजाराच्या दिवशी ती अजून वाडीवर जाते. पिशवीत येसूबाईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतात. त्या कशेळ्याहून आणून द्यायला त्या घरात दुसरं कुणी नाही.